आपापलं कूलंट

गुरुवारचं पाणी आमच्या हातून गेलं. कायमचं गेलं, बाँड पेपरवर सह्यांसकट गेलं, आणि त्याला कारण मी आहे.

असं काहीही झालेलं नाही. वरचं वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. आमच्या घरात सगळे असंच करतात आणि सगळ्यांची तब्येत ठीक आहे. गुरुवार आमचाच आहे, पपई हिरवीगार आहे, आणि मी रामप्रसाद, वय चोवीस, गाडीबरोबर आलेलं पुस्तक वाचलेला खानदानातला एकमेव माणूस, सुरुवातीपासून सांगतो.

माझे वडील गहिनीनाथ, म्हणजे अण्णा, आणि त्यांचे धाकटे भाऊ बंकट, म्हणजे तात्या, यांची तीन वर्षांपूर्वी वाटणी झाली. नेकनूरजवळचं रान वाटलं, बैल वाटले, पत्रे वाटले. जातं होतं, त्याची वरची तळी तात्यांना आणि खालची आम्हाला आली. आता दोन्ही घरं गिरणीतून दळून आणतात आणि कुणालाही पश्चात्ताप नाही. दोनच गोष्टी तुटेनात: विहीर आणि गाडी.

विहिरीला पाळी लावली. सोमवार, मंगळवार, बुधवार तात्यांचे. गुरुवार, शुक्रवार, शनिवार आमचे. रविवारी विहीर पाणी धरते. आमच्यातला शुक्रवार-शनिवार अण्णांच्या उसाला जातो आणि गुरुवार मला. त्या एका दिवसावर माझी सहाशे झाडं पपई उभी आहे. पपईला दुसरं पाणी नाही आणि मला दुसरा धंदा नाही.

गाडी एकत्र असताना घेतलेली, पांढरी, जुनी. तिलाही विहिरीचाच कायदा लागला. एक आठवडा त्यांचा, एक आमचा, बदली रविवारी सकाळी विहिरीवर. आता विहिरीच्या कायद्यात एक कलम असं आहे की पाळी संपली तरी पाटात राहिलेलं पाणी ज्याचं त्याचं. पहिल्या बदलीच्या रविवारी मी विहिरीवर गेलो तर तात्या गाडीखाली उताणे पडलेले, आणि रेडिएटरच्या खालच्या नळीतून हिरवी धार तेलाच्या जुन्या कॅनमध्ये पडत होती.

“तात्या, हे काय करायलात?”

“माझं पानी काढून घ्यायलोय.”

“ते पानी न्हाई, कूलंट हाय.”

“जे हाय ते माझं हाय. फुकटात थंड व्हायची सवय लागलीय तुमच्या घराला.”

अण्णा बांधावर उभे होते. ते म्हणाले, “नेऊ दे. त्याच्या हिरव्या पान्यावर माझी गाडी चालायची न्हाई.”

जगात लोक दोन-तीन वर्षांतून एकदा कूलंट बदलतात. आमच्या गाडीचं दर रविवारी बदलू लागलं. तात्यांचा कॅन त्यांच्या देवळीत, आमचा आमच्या माळवदावर. तात्यांनी कॅनला कुलूप लावलं. कॅनला कुलूप कुठं लावायचं हा प्रश्न मलाही पडला होता. त्यांनी कडीतून साखळी काढून म्हशीच्या खुंट्याला बांधली. त्यामुळं म्हैस आणि कूलंट एकाच दाव्यावर होते.

आमच्याकडं कॅन होता, पण त्यात काय भरायचं ते ठरायचं होतं. ते मी मनावर घेतलं. मांजरसुंब्याच्या चौफुलीवर बाळू मिस्त्रीचं गॅरेज आहे. बाळू मिस्त्री माणूस सरळ आहे. इतका सरळ की त्यापायी माझं वाटोळं झालं, पण ते पुढं. त्यानं बोनेट उघडून रेडिएटरवर टिचकी मारली.

“ॲल्युमिनियम हाय. ह्याला गुलाबी घाल. पन गुलाबी हाय म्हनून घालू नको. रंग कंपनी कंचाबी टाकती. डब्याच्या मागं वाच, ॲल्युमिनियमला चालतं लिहिलंय का, सिलिकेट न्हाई लिहिलंय का. तुझ्या गाडीच्या पुस्तकात जे हाय तेच घ्यायचं. निम्मं ते, निम्मं बॅटरीचं पानी. विहिरीचं न्हाई.”

“आन हिरवं?”

“ते जुन्या गाड्यांचं. त्यातलं औषध सगळ्या धातूवर थर धरतं. गुलाबीतलं फक्त जिथं गंज लागायलाय तिथं जाऊन बसतं. दोघांचं काम एकच हाय, गंज थांबवायचं. पन दोघं एका जागी आले की काम सोडून एकमेकालाच धरतेत.”

हे मला समजावून सांगावं लागलं नाही.

मी गुलाबी डबा आणि बॅटरीच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन घरी आलो. अण्णांनी बाटल्या बघितल्या.

“विहिरीवर डोकी फोडायलोत आमी, आन तू पानी इकत आनतोस?”

कुंपणापलीकडून तात्या ओरडले, “कावून बे, आपल्या विहिरीचं पानी पिऊन एवढा घोडा झालास, ते गाडीला चालंना?”

“मला मुतखडा झालता, तात्या.”

“तुला तर लाज बी व्हायला पायजे होती. ती कुठं झाली?”

तात्यांचा रेडिएटरबद्दलचा अभ्यास वेगळा होता. त्यांच्या मते रेडिएटर तांब्याचाच असतो, कारण त्यांनी तरुणपणी चालवलेल्या जीपचा तांब्याचा होता. ॲल्युमिनियमची किटली असते. माणसाची जात बदलत नाही आणि रेडिएटरची तर नाहीच. त्यात जायचं हिरवं, कारण हिरवं म्हणजे थंड, जसा कडुलिंब. त्यात मिसळायचं विहिरीचं पाणी, कारण ते आपलं. ह्या सिद्धांतावर ते ठाम होते आणि सुरज, त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, मान हलवायला शेजारी उभा असायचा. सुरजला मी लहानपणापासून ओळखतो. त्याचं स्वतःचं मत झालं की त्याला ताप येतो.

आता माझी चूक.

विहिरीचं खारं पाणी, चुकीचं कूलंट, तात्यांचा गाडी हाणायचा वकूब, हे सगळं मी एका बाजूला मांडलं. दुसऱ्या बाजूला पुस्तक वाचलेला मी. हिशेब इतका उघड होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. रविवारी बदलीला नेहमीची भांडणं चालू असताना मी म्हणालो, “रोज रोज कशाला तोंड वाजवायचं? बाँड करू. ज्याच्या पाळीत गाडी बंद पडंल त्यानं विहिरीचा एक दिवस सोडायचा. कायमचा.”

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. तात्या हसले. त्यांचा एक दात पडलेला आहे आणि ते हसले की तिथून वारा येतो.

“कंचा दिवस?”

“तुमचा बुधवार. आमचा गुरुवार.”

“राम्या,” अण्णा हळूच म्हणाले, “गुरुवार तुझा हाय.”

“बुधवारबी माझाच व्हनार हाय, अण्णा.”

नेकनूरहून बाँड पेपर आणला. दोन्ही भावांनी सह्या केल्या. साक्षीदार म्हणून सुरजनं केली, आणि सही करताना स्वतःच्या नावातला र विसरला. तो नंतर बारीक घुसवला.

बाँड झाल्यावर मी बाळू मिस्त्रीकडं परत गेलो. सहज विचारल्यासारखं विचारलं, “मिस्त्री, खालची नळी सोडली की सगळं कूलंट निघून जातं ना?”

“कुठलं? तिसरा हिस्सा इंजिनातच राहतो. तेवढ्यासाठी दुसऱ्या पान्यानं धू-धू धुवावं लागतं.”

“आन हिरवं-गुलाबी मिसळलं तर गोठायला किती दिवस लागत्यात?”

बाळू मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. “कावून रं?”

“माहिती असावी.”

तो म्हणाला, गाडीगाडीवर असतं. मी घरी आलो आणि पुढच्या बदलीला गुलाबी सोडताना नळी लवकर बंद केली. तिसऱ्या हिश्श्याऐवजी निम्मं राहू दिलं. त्यावर तात्या त्यांचं हिरवं ओतणार आणि त्यांच्याच आठवड्यात त्याचं काय ते होणार. मला वाईट वाटलं का? वाटलं. बुधवारच्या पाण्यावर पपई लावायची की शेवगा, हे ठरेना म्हणून.

तात्यांनी मात्र त्या आठवड्याच्या सुरुवातीलाच एक वेगळाच उद्योग केला. रविवारी दुपारी काकूला, म्हणजे तुळजाबाईला, धुण्याचा सोडा मागितला आणि बादलीभर गरम पाण्यात कालवून तो रेडिएटरमध्ये ओतला. कुंपणाशी उभा राहून मी बघत होतो. माझ्याकडं बघून ते मोठ्यानं म्हणाले, “तांब्याचं भांडं असं घासावं लागतं. माझ्या घरात घान ठेवीत न्हाईत.”

काकू म्हणाली, “भांडं घासायला चिंच लागती. सोडा न्हाई.”

“तू गप. चिंच ह्याच्या बापाच्या झाडाला हाय.”

ॲल्युमिनियमला सोडा लावला की काय होतं ते डब्याच्या मागंही लिहिलेलं नसतं, कारण असं कुणी करेल हे कंपनीला सुचलेलं नसतं. सोडा ॲल्युमिनियम खातो, हे मला माहीत होतं. मी तोंड उघडून सांगायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी घरी जाऊन चहा मागितला.

गुरुवारी गाडी जिथं उभी राहायची तिथं मातीत हिरवा ठिपका दिसला. शुक्रवारी ठिपक्याची थाळी झाली. मी दोन वेळा पपईला म्हणून बाहेर पडलो आणि कुंपणापर्यंत जाऊन थाळी बघून आलो. शनिवारी सकाळी थाळी परातीएवढी होती. मी आईला म्हणालो, आज गोड कर काहीतरी. शनिवारी संध्याकाळी बघितलं तर जमीन कोरडी होती.

रविवारी मी विहिरीवर पोचायच्या आधीच तात्यांनी त्यांचं हिरवं कॅनमध्ये काढून घेतलं होतं. मी आमचं गुलाबी ओतलं आणि त्यांनी किल्ली हातात दिली. देताना बोटं चिकट होती आणि पिवळी होती. नवरदेवाला हळद लावून आल्यासारखी पिवळी. मी म्हणालो, “लगीन हाय का कुनाचं?”

“तुझं न्हाई एवढं नक्की,” तात्या म्हणाले.

मी तिथंच समजायला पाहिजे होतं. गळका रेडिएटर हळदीनं बंद करायची विद्या आमच्या भागातल्या प्रत्येक जीपवाल्याला येते. चमचाभर टाकली तर चाळीस किलोमीटर निघतात. तात्यांनी पाव किलो टाकली होती.

मंगळवारी मी आणि अण्णा बीडला गेलो. पपईचा नमुना व्यापाऱ्याला दाखवायचा होता. दोन क्रेट मागच्या सीटवर. व्यापाऱ्यानं एक फळ दाबलं, नाकाला लावलं आणि म्हणाला, कच्ची आहे, आठ दिवसांनी आणा. आम्ही परत निघालो. एप्रिल, दुपारचे दोन, आणि बीडकडून येताना घाट चढाचा.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गरमीचा काटा उठला. तिसऱ्या वळणावर लाल पट्टीला टेकला. मी आरशात बघितलं. मागं मोटारसायकल होती. सुरज चालवत होता, तात्या मागं बसलेले, हातात मोबाइल समोर धरलेला. ते सकाळपासून आमच्या मागं होते हे मला तेव्हा कळलं. बीडच्या व्यापाऱ्याच्या दुकानासमोर दोन तास उसाचा रस पीत कोण बसलं होतं, तेही कळलं.

“अण्णा, गाडी तापायलीय.”

“मग थांबव.”

“थांबवली तर बंद पडली म्हनतील. तात्या मागंच हाय.”

अण्णांनी मागं वळून भावाकडं बघितलं. मग काच वर केली, खाली केली, आणि म्हणाले, “चालू दे. मेलो तरी चालू दे.”

इंजिनाची गरमी कमी करायचा एकच उपाय हातात होता. हीटर इंजिनाची गरमी ओढून आत फेकतो, म्हणून मी तो पूर्ण चालू केला. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. आत किती होतं ते मोजायला काही नव्हतं, पण डॅशबोर्डवरचा देव वाकायला लागला. अण्णांनी टोपी काढली, मग सदरा काढला, मग बंडी. माझ्या डोळ्यात घाम जाऊन मला दोन घाट दिसायला लागले. मागच्या सीटवर पपईचा वास सुटला. हिरवी होती ती पिवळी झाली. व्यापाऱ्यानं सांगितलेले आठ दिवस आम्ही एका चढात काढले.

मोटारसायकल आमच्या बरोबरीला आली. गाडीचा वेग इतका कमी झाला होता की सुरजला पाय टेकवत यावं लागत होतं.

तात्या मोबाइलला सांगत होते, “आज मंगळवार. पाळी गहिनीनाथाची. गाडीतून वाफ निघायलीय. मालक उघडा बसलाय.” मग खिडकीत वाकून, “का रं दादा, थंडी वाजायलीय का? हीटर लावलाय म्हनून इचारतो.”

“तुझ्या तोंडाची वाफ लागायलीय मला, बंकट. लांब हो.”

“बंद पडली का?”

“तुझे डोळे बंद पडलेत का? चाललीय की!”

“गोगलगाय चालती तसं चाललीय. राम्या, काटा कुठं हाय?”

“जागेवर हाय, तात्या.”

“जागेवर म्हंजी कुठल्या? मसनाच्या?”

एक एसटी हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेली. खिडकीतून एका बाईनं अण्णांच्या उघड्या अंगाकडं बघून हात जोडले. तिला ते कुठले तरी महाराज वाटले असावेत. अण्णांनीही सवयीनं आशीर्वाद दिला.

चढ संपला. चौफुली दिसली, बाळू मिस्त्रीच्या गॅरेजची टायरं दिसली. गॅरेज वीस पावलांवर असताना गाडीनं एक आवाज केला. कोरड्या घशातून निघतो तसा. आणि उभी राहिली.

तात्या उतरले. “बंद पडली.”

“बंद पडली न्हाई,” मी म्हणालो. “मी थांबवलीय. मिस्त्रीला भेटायला.”

“मग कर चालू.”

मी किल्ली फिरवली. टक. परत फिरवली. टक.

“सुरज, टक टक घेतलं का रं मोबाइलात?”

“घेतलं, पप्पा.”

गाडी ढकलत गॅरेजात नेली. ढकलायला सुरज आणि तात्याही आले, इतकी त्यांना घाई होती. बाळू मिस्त्रीनं तासभर झाकणाला हात लावू दिला नाही. मग पोतं टाकून झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्याला पिवळसर, घट्ट, चकचकीत असं काहीतरी लोंबत होतं. मिस्त्रीनं वास घेतला.

“पिठलं कुनी केलं ह्यात?”

“हळद!” मी ओरडलो. “अण्णा, तात्यानं हळद घातलीय! सोड्यानं भोक पाडलं आन हळदीनं बुजवलं!”

“घातली,” तात्या म्हणाले. “माझ्या पाळीत माझ्या घरची हळद घातली. बाँडात हळद लिहिलीय का?”

लिहिली नव्हती. बाँड मी लिहिला होता.

बाळू मिस्त्री अजून बोटाकडं बघत होता. “नुसत्या हळदीनं एवढं न्हाई व्हायचं. हिरवं-गुलाबी मिसळून खाली खळ झालीय. लईच मिसळलंय. निम्मं-निम्मं असल्यासारखं.” मग तो माझ्याकडं वळला आणि, देवा, त्या माणसाच्या चेहऱ्यावर नुसतं कुतूहल होतं. “तू इचारलतंस ना, गोठायला किती दिवस लागत्यात? हे बघ, एवढे लागले.”

सुरजचा मोबाइल चालूच होता.

तात्या आधी हसले, मग हसू थांबवून माझ्याकडं नीट बघायला लागले. मला वाटतं तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माझ्याबद्दल आदर वाटला. अण्णा उघडेच उभे होते. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं.

“त्यो दुश्मन हाय,” तात्यांकडं न बघता ते म्हणाले. “दुश्मनावानी वागला. तू कोन हायस?”

मी म्हणालो, “अण्णा, गुरुवार...”

“गुरुवार तुझा व्हता. तूच घालवलास.”

गावी आम्ही टमटमनं आलो. पिकलेली पपई टमटमवाल्यानं खाल्ली आणि चांगली आहे म्हणाला.

त्यानंतरचं आमच्या घराच्या हिशेबानं घडलेलंच नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या गुरुवारी तात्यांनी मोटर चालू केली आणि पाणी म्हशीवर सोडलं. रानात नाही, उसात नाही, म्हशीवर. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाइपाखाली उभी होती आणि तिच्या तोंडावरून तिलाही हे जास्त वाटत होतं. दुसऱ्या गुरुवारीही म्हैस. मी कुंपणाशी गेलो आणि म्हणालो, “तात्या, दोन तास द्या. झाडं माना टाकायलीत.”

“झाडाला बॅटरीचं पानी घाल,” ते म्हणाले. “इकत मिळतं.”

अण्णांना शुक्रवारातला अर्धा दिवस मागितला. ते आईला म्हणाले, “त्याला सांग, शुक्रवार उसाचा हाय.” मी समोरच बसलो होतो. आईनं मला सांगितलं, शुक्रवार उसाचा आहे. गाडी मिस्त्रीच्या दारात उभी आहे. इंजिन कुणी दुरुस्त करायचं यावर दोन्ही भावांचं एकमत झालं आहे की दुसऱ्यानं.

खालच्या ओळीतली पपई पिवळी पडली आहे. काल मोजली, बेचाळीस झाडं गेली. म्हणून आज सकाळी बसून हा अर्ज लिहिला. तो असा:

प्रति, मा. तहसीलदार साहेब. विषय: आठवड्यात एक अधिक गुरुवार मंजूर होणेबाबत. अर्जदार: रामप्रसाद गहिनीनाथ, धंदा पपई. मेहेरबान साहेब, वरील विषयान्वये अर्ज करतो की, अर्जदाराचा गुरुवार अर्जदाराच्याच अकलेने चुलत्याकडे वर्ग झालेला असून तो सध्या म्हशीच्या वहिवाटीत आहे. उर्वरित सहा दिवसांपैकी एकही मोकळा नाही. रविवारी विहीर रिकामी असते. पंचांगात दर तीन वर्षांनी अख्खा अधिक महिना देण्यात येतो व त्यावर आजवर कोणीही हरकत घेतलेली नाही. एका दिवसाने शासनावर विशेष बोजा पडणार नाही. सोबत बाँड पेपरची झेरॉक्स व रेडिएटरमधील ऐवज काचेच्या बाटलीत जोडला आहे. तरी साहेबांनी जायमोक्यावर येऊन पाहणी करून, बुधवार व चालू गुरुवार यांच्या दरम्यान सकाळी सहा ते सायंकाळी सहा असा एक अधिक गुरुवार, विहिरीतील पाण्यासह, फक्त अर्जदाराच्या नावे, उर्वरित पाचशे अठ्ठावन्न झाडे जिवंत असेपर्यंत तातडीने मंजूर करावा, ही नम्र विनंती.